बारदान वजा

सकाळी सहाला सिस्टर लिन्सी काट्यावर उभं करते.
मी चपला काढतो, खिशातली किल्ली काढतो,
चष्मासुद्धा.
ती हसते. काका, चष्म्याचं काय वजन?
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात मापाडी होतो, बाई.
बारदान वजा केल्याशिवाय
आकडा पुकारला नाही कधी.

बावन्न किलो चारशे.
किलोमागे किती औषध, ते वर कुणी ठरवलंय.
ठरवलंय म्हणजे, ठरायचं आहे अजून.
त्यासाठीच आम्ही.

खारघरच्या या इमारतीत औषधाला नाव नाही,
एक अक्षर आणि चार आकडे, ट्रकच्या पाटीसारखे.
उंदरांना देऊन झालं, माकडांना देऊन झालं,
आता माणसं, तीन तीन.
तिघांना थोडं. सोसलं तर पुढच्या तिघांना जास्त.
आम्ही तिसरी पायरी:
उरणची नीराबाई नाखवा, नांदेडचा सुमेध, मी.
तीन तिगाडा, नीराबाई बोलून गेली
आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

सहीआधी केळुसकर डॉक्टरीणबाईंनी बावीस पानं वाचून दाखवली.
अकराव्या पानावर होतं,
यातून तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही.
म्हटलं, पुन्हा वाचा.
माल खपवताना असं वाक्य
आमच्या बाजारात मी एकदाही ऐकलं नव्हतं.
म्हणून सही केली.
केमो दोनदा हरली होती, हेही खरंच.

पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
दोघांनाच कळायचं, बाकीचे नुसते तोंडं बघायचे.
माझ्या हाडांच्या आत तसंच काही चाललंय,
आणि हे लोक दर पंधरा दिवसांनी
कमरेत सुई घालून विचारतात,
कितीला सुटलं?

नवव्या दिवशी सुमेधची खाट पुसून ठेवलेली.
कागद सांभाळणारा फरहान म्हणाला, त्याला वर नेलंय.
मग घाईघाईनं म्हणाला,
वर म्हणजे चौथ्या मजल्यावर, अतिदक्षतेत.

त्याच रात्री मला एक शब्द आठवेना.
तराजूचा शब्द, माझ्या रोजच्या तोंडातला.
उशीशी कुजबुजून पाहिलं:
काटा, पारडं, दांडी, वजन,
आणि पुढे गचके खाणारी गाडी.

इथे रोज एक वाक्य लिहून घेतात, हात तपासायला.
माझं ठरलेलं: मी आनंदा शेलार, मापाडी.
त्या रात्री स्वतःच लिहून बघितलं
तर शेलारमधला र ओळ सोडून खाली उतरला.

हिशेब मला येतो.
तिघांत एकाला बाधलं, तर आणखी तिघं याच मापावर.
दोघांना बाधलं, तर पायरी बंद,
माझी बाटलीही बंद.
आणि बाटली बंद, तर मग काय उरतं?
गप्प बसलो तर सकाळपर्यंत येईलही र वर.
कुणाला कळणार?

चौऱ्याण्णव साली, मुलीची फी भरायची होती,
तेव्हा काट्याखाली बोट ठेवलं होतं मी.
एकदाच.
दीड किलो हललं पोतं.
मंचरचा शेतकरी होता, बिडी ओढत उभा,
माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

बाहेर बाकड्यावर पुढचे तिघं दिवसभर बसलेले,
एकीच्या मांडीवर स्टीलचा डबा.

मी घंटा दाबली.

मग सलाईन, इंजेक्शनं, डोळ्यांत टॉर्च,
किती बोटं, कोणता महिना, शंभरातून दहा गेले किती.
पायरी थांबली. पुढच्या तिघांना माप कमी होणार,
एवढं बाईंनी सांगितलं.
माझं काय, ते विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.
सुमेध अजून वरच आहे.

चौथ्या दिवशी चहा पिताना शब्द आपोआप आला.
पासंग.
लिन्सीला ओरडून सांगितलं.
म्हणजे काय, काका?
म्हटलं, पारडी सारखी व्हावीत म्हणून
हलक्या बाजूला बांधतात तो खडा.
मालात धरत नाहीत,
वजनातही.